दप्तरातला कागद नेमका कसा मागावा

"आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला, याची माहिती मिळावी." माहितीच्या अधिकाराखाली असा अर्ज गेला की उत्तर ठरलेलं असतं: आपला प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. अर्जदाराला वाटतं, टोलवलं. टोलवलेलं असतंच, पण कायद्याला धरून टोलवलेलं असतं. 'का' याचं उत्तर कुठल्याही नोंदवहीत लिहून ठेवलेलं नसतं. जाडी किती धरली होती, काम मोजलं कुणी, कोणत्या तारखेला, काँक्रीटची ताकद तपासायला त्याचे ठोकळे दाबून पाहिले का, बिल कधी निघालं, हे मात्र लिहिलेलं असतं. चार वेगवेगळ्या कागदांवर. ते चार कागद शेजारी शेजारी ठेवले की 'का' कुणाला विचारायची गरज उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात हे स्पष्ट केलं. कार्यालयाकडे जी माहिती आहे ती द्यायची. नवी तयार करायची, मत द्यायचं, अर्थ लावून सांगायचा, ही जबाबदारी जनमाहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यावर, नाही. अनेकांना हा निकाल आडकाठी वाटतो. खरं तर तो मागणाऱ्यालाच वाट दाखवतो. कार्यालय कागदानं विचार करतं, तर मागणीही कागदाच्याच भाषेत करावी.

या हक्काचा जन्मच मुळी पंचायतीच्या कागदांतून झाला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना इथं पहिली जनसुनवाई घेतली. तिथं भाषणं गौण होती. मस्टरवरची, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावरची, नावं आणि बिलांवरचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले जात, आणि ज्यांची नावं होती तेच लोक समोर बसून सांगत की आम्ही त्या कामावर नव्हतोच. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं तेही पंचायतीच्या मस्टर, बिलं आणि प्रमाणकांच्या, म्हणजे व्हाउचरच्या, प्रती मिळाव्यात म्हणून. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, २००२ चा स्वतःचा कायदा केला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे लागू झाला. सांगायचा मुद्दा एवढाच, की ग्रामपंचायतीची रोकडवही मागणारा माणूस या कायद्याचा भलताच वापर करत नसतो. तो कायदा ज्यासाठी झाला तेच काम करत असतो.

आता दप्तराकडे वळू. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींचा हिशेब २०११ च्या लेखासंहितेप्रमाणे ठेवला जातो आणि त्यात १ ते ३३ असे नमुने आहेत. बहुतेक गावकऱ्यांना त्यातला नमुना ८ तेवढा माहीत असतो, कारण घराचा उतारा त्याच्यावरून मिळतो. तो कर आकारणीचा. वसुलीची मागणी नमुना ९ मध्ये. पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे पाहायचं तर नमुना ५ ची सामान्य रोकडवही आणि नमुना १२, म्हणजे खर्चाची प्रमाणकं, हे दोन आधी हवेत. रोकडवहीतल्या प्रत्येक खर्चाच्या ओळीला प्रमाणक क्रमांक असतो. तो क्रमांक हातात आला की पुढचा अर्ज इतका नेमका होतो की 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' हे उत्तर द्यायला जागाच राहत नाही.

नमुना १५ आणि १६ कडे फारसं कुणी फिरकत नाही, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथंच आहे. १५ हा उपभोग्य वस्तूंचा साठा: दिवे, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, फिनेल, पाइपचे तुकडे. १६ हा खुर्च्या, संगणक, पंप अशा टिकाऊ वस्तूंचा. खरेदीचं बिल खोटं करणं सोपं. पण त्या बिलाला जुळणारी साठ्यातली आवक, मग वाटपाची नोंद, मग शिल्लक हे सगळं महिनोन्‌महिने खोटं लिहीत राहायचं म्हणजे फार चिकाटी लागते, आणि ती सहसा नसते. टीसीएलचंच घ्या. पाणी शुद्ध करायला साधारण हजार लिटरला पाच ग्रॅम असा हिशेब असतो. पन्नास हजार लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर दिवसाला २५० ग्रॅम, वर्षाला नव्वद किलोच्या आसपास. आता वर्षभरात तीनशे किलोची बिलं निघाली असतील, तर नमुना १५ मध्ये दोनशे किलोच्या वर शिल्लक तरी दिसायला हवी, नाहीतर ती गेली कुठं याची नोंद तरी. आणि उलटं घडलं असेल, म्हणजे वर्षभरात वीसच किलो खरेदी झाली असेल, तर तो पैशाचा नाही, गावाच्या पोटाचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी त्याच दोन पानांवर दिसतात.

नमुना २२ स्थावर मालमत्तेचा, २३ रस्त्यांचा, २४ जमिनींचा, ३३ झाडांचा. गावठाणातल्या कुठल्या मोकळ्या जागेवर अतिक्रमण झालं असं वाटत असेल तर तक्रारीआधी २२ आणि २४ पाहावेत; ती जागा पंचायतीच्या नावावर लिहिलेलीच नसेल तर भांडणाची दिशाच बदलते. २३ चा उपयोग वेगळा. एकच रस्ता दोन नावांनी, दोन निधींतून करायची युक्ती जुनी आहे. पंधराव्या वित्त आयोगातून 'मारुती मंदिर ते शाळा काँक्रीटीकरण' आणि दुसऱ्या निधीतून 'गावठाण अंतर्गत रस्ता, वॉर्ड क्रमांक २'. रस्ते नोंदवही, दोन्ही कामांची एस्टिमेटं आणि कामाआधीचे व नंतरचे जिओ-टॅग (जागेचा ठिकाणा नोंदलेले) फोटो शेजारी ठेवले की फोटोतला विजेचा खांब तोच आहे का ते दिसतं.

लेखापरीक्षण झालं असेल तर नमुना २७ आणि ३० मागा. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाच्या लेखापरीक्षकांनी काढलेले आक्षेप आणि त्यांची पूर्तता यांत असते. निम्मं काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असताना ते पुन्हा करायचं कारण नाही. सगळ्यात जुना, अजून न मिटलेला आक्षेप आधी वाचा. तो का मिटत नाही हे कळलं की कार्यालयाचा स्वभाव कळतो.

बांधकामाच्या कागदांवर मात्र थोडं थांबायला हवं. कुठल्याही कामाची नस्ती, म्हणजे फाइल, साधारण अशी भरत जाते: ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा कोटेशन आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, साहित्य चाचणीचे अहवाल, देयक, पूर्णत्वाचा दाखला. पंचायतीच्या नमुन्यांत अंदाजाची नोंदवही २०, मोजमाप वही २०-क आणि कामाचं देयक २०-ख. यातलं एकच पान मागता येणार असेल तर मोजमापाचं मागा. कनिष्ठ अभियंत्यानं जागेवर जाऊन टेप लावली, असं त्या पानावर त्याच्या सहीनं लिहिलेलं असतं. बाकी बहुतेक कागद काय करायचं ते सांगतात. किती केलं हे मोजून हा एकच सांगतो.

ते पान वाचायचं कसं? समजा, लांबी १२० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर, परिमाण ५४ घनमीटर. टेप घेऊन जा आणि दर दहा मीटरवर रुंदी मोजा. सरासरी २.७५ भरली आणि जाडी दहाच सेंटिमीटर निघाली, तर प्रत्यक्षात काँक्रीट ३३ घनमीटर पडलं, बिल मात्र ५४ चं. पण जाडी मोजताना एक फसगत होते. रस्त्याच्या कडेची माती सारून पट्टी लावली की जाडी बरोबर भरते, आणि माणूस समाधानानं घरी जातो. कडेला फळी लावलेली असते, त्यामुळं तिथं जाडी राखावीच लागते. काटकसर मधल्या पट्ट्यात होते, खालचा मुरूम उंच ठेवून. ती बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गाभ्याचा नमुना काढावा लागतो, ज्याला सगळे कोअर म्हणतात. कायद्याच्या कलम २ मधल्या 'माहितीच्या अधिकारा'च्या व्याख्येत कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे दोन्ही शब्दशः आहेत. हजार अर्जदारांत एखादाच ते वापरतो.

मोजमापाच्या पानावर परिमाणाइतकंच तारखांकडे लक्ष द्या. मोजणीची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची नाही ना? देयकाची तारीख मोजणीच्या आधीची नाही ना? खाडाखोड केली असेल तर शेजारी सही आहे का? चाचणी अहवालाचंही तसंच. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे ५४ घनमीटर काँक्रीटला पाच नमुने लागतात, आणि एका नमुन्याचे तीन ठोकळे, म्हणजे पंधरा. पंधरा सेंटिमीटरचे ते ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवून मग दाबायचे. अहवालात ठोकळे भरल्याची आणि दाबल्याची, अशा दोन्ही तारखा असतात. भरल्याची तारीख कामाच्या आधीची निघाली, किंवा गावातल्या तीन रस्त्यांना एकाच अहवालाची झेरॉक्स लावलेली निघाली, तर तुम्हाला अभियांत्रिकीची पदवी नसली तरी चालेल.

एक अडचण नेहमी येते. पंचायत सांगते, मोजमाप पुस्तिका आमच्याकडे नाही. हे बऱ्याचदा खरं असतं, कारण काम पंचायतीचं असलं तरी मोजणारा अभियंता जिल्हा परिषदेच्या बांधकाम किंवा ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाचा असतो आणि पुस्तिका त्याच्या कार्यालयात राहते. पण 'नाही' एवढं लिहून जनमाहिती अधिकाऱ्याची सुटका होत नाही. कलम ६(३) प्रमाणे त्यानं तो अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि तसं तुम्हाला कळवायचं. घाईचं काम असेल तर हस्तांतराची वाट न पाहता उपविभागाला वेगळा अर्ज टाकलेला बरा. दहा रुपयांचा तर प्रश्न आहे.

अर्जाचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या नियमांत त्यासाठी जोडपत्र 'अ' दिलेलं आहे. नाव, पत्ता, विषय, कालावधी, हव्या असलेल्या माहितीचं वर्णन, टपालानं हवी की हाती, दारिद्र्यरेषेखालील आहात का. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. रोखीनंही भरता येतात, पण मग पावती घ्या. पोस्टल ऑर्डर केंद्र सरकारच्या कार्यालयांत चालते म्हणून इथंही लावू नका. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही, पुरावा मात्र जोडावा लागतो. माहिती कशासाठी हवी हे विचारायचा अधिकार कुणालाही नाही. कलम ६(२) तसं थेट सांगतं. म्हणून अर्जात कारण लिहूच नये. रागानं लिहिलेल्या दोन ओळी पुढं अपिलात तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवल्या जातात.

२०१२ च्या नियमदुरुस्तीनं दोन अटी घातल्या: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांच्या आत. या अटींवर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त आहे, पण लिहिणाऱ्याला शिस्त लागते हेही खरं. पाणीपुरवठा, दिवाबत्ती आणि घरकुल एका अर्जात कोंबलं की तिन्ही लटकतात. चांगली मागणी अशी दिसते: 'दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीतील सामान्य रोकडवहीच्या, नमुना ५, सर्व पानांच्या साक्षांकित प्रती.' किंवा: 'अमुक नावाच्या कामाच्या संपूर्ण नस्तीची पाहणी, व पाहणीनंतर निवडलेल्या पानांच्या प्रती.' काम कोणत्या आर्थिक वर्षातलं, कोणत्या निधीतलं, हे लिहा. 'संबंधित सर्व माहिती' हा शब्दप्रयोग कटाक्षानं टाळा. 'संबंधित' म्हणजे काय हे मग ते ठरवतात.

कामाचं नाव आणि रक्कम आधीच माहीत नसेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहा. गावाचा विकास आराखडा, वित्त आयोगाच्या निधीतून कुणाला किती पैसे गेले, हे तिथं वर्षवार दिसतं. सगळं दिसत नाही, नोंदी उशिरा चढतात आणि कामांची नावं विचित्र तुटलेली असतात, तरी अर्जात लिहायला नेमका शब्द तिथं मिळतो. शिवाय कलम ४ प्रमाणे सतरा बाबी कार्यालयानं न मागता प्रसिद्ध करायच्या असतात: अधिकाऱ्यांचे पगार, अंदाजपत्रक, अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी, दिलेल्या परवानग्या. पंचायतीच्या भिंतीवर त्या सतरा मुद्द्यांचा फलक असतो. अनेक ठिकाणी तो कायदा आला त्या सुमारास रंगवला तो रंगवला, आणि त्यावरचे अधिकारी केव्हाच निवृत्त झाले. अद्ययावत कलम ४ ची प्रत मागणं हा पहिला अर्ज म्हणून फार चांगला. कुणाला बोचत नाही आणि कार्यालय कसं वागतं ते समजतं.

अर्ज हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. घ्यायलाच तयार नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा ऑनलाइन तपशील छापून ठेवा. ग्रामसेवकाला, आता पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, बऱ्याचदा दोन-दोन गावं सांभाळावी लागतात. तो भेटला नाही म्हणून अर्ज परत आणायची गरज नाही. अर्ज माणसाकडे नसतो, पदाकडे असतो.

प्रतींपेक्षा पाहणी बरी, हे माझं ठाम मत आहे. प्रत पानाला दोन रुपये. तीनशे पानांची नस्ती मागितली की सहाशे रुपये जातात आणि त्यातली कामाची पानं निघतात बारा. पाहणीचा पहिला तास मोफत, पुढं दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. समोर अख्खी नस्ती, टिप्पणीच्या पानांसकट. टिप्पणीत कुणी काय हरकत घेतली आणि वरच्यानं ती कशी बाजूला सारली, हे प्रत मागताना कधी सुचलंच नसतं. त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक मजेशीर अट आहे: पाहणीला बसताना फक्त पेन्सिल न्यायची, पेन अधिकाऱ्याकडे जमा करायचं. कागदात कुणी काही घुसडू नये म्हणून. तेव्हा दोन पेन्सिली, शार्पनर आणि आखीव कागद घेऊन जा. पानांना क्रमांक घातलेत का ते आधी पाहा. नसतील तर तसं पाहणीच्या नोंदीत लिहून त्यावर सही घ्या, कारण आज पाहिलेलं पान उद्या नसलं तर सिद्ध करायला दुसरं काही नसतं. मोबाइलनं फोटो काढू द्यायचे की नाही यावर दर कार्यालयात नव्यानं वाद होतो. अर्जातच तशी मागणी लिहून ठेवलेली असावी.

महापालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत तर अर्जाचीही गरज नसलेली एक सोय आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ती फारशी कुणाला ठाऊक नाही, कधी कधी कार्यालयालाही. निर्णयाची प्रत सोबत नेलेली बरी.

अर्ज पोचल्यापासून तीस दिवस. त्यात अधिकाऱ्यानं प्रतींचं शुल्क कळवलं तर पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजायचे नाहीत. म्हणून शुल्काचं पत्र आलं की लगेच भरा, पुढं ढकलण्यात नुकसान तुमचंच. त्या पत्रात किती पानं गुणिले दोन हा हिशेब आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव असायला हवं. आणि तीस दिवस उलटून गेल्यावर शुल्काचं पत्र आलं तर एक रुपयाही भरू नका. कलम ७(६): मुदत संपली की माहिती मोफत.

नकाराच्या तऱ्हा ठरलेल्या असतात. 'माहिती विस्तृत आहे, कलम ७(९)' ही पहिली. हे कलम माहिती नाकारण्यासाठी नाहीच. मागितलेल्या स्वरूपात देणं जड जात असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या, एवढंच ते म्हणतं. त्यावर उत्तर साधं: मग पाहणीला बोलवा. दुसरी तऱ्हा त्रयस्थ पक्षाची. ठेकेदारानं हरकत घेतली म्हणून देता येत नाही, असं लिहून येतं. कलम ११ प्रमाणे त्रयस्थाला विचारायचं असतं, पण निर्णय अधिकाऱ्याचा. ठेकेदाराला नकाराधिकार दिलेला नाही. सार्वजनिक पैशातून काम मिळाल्यावर त्यानं भरलेले दर गुपित कसे राहतील?

तिसरी तऱ्हा सध्या जोरात आहे: वैयक्तिक माहिती. पूर्वी कलम ८(१)(जे) मध्ये अटी होत्या. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, किंवा खाजगी आयुष्यात विनाकारण शिरणारी माहितीच रोखता येत असे. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, असं परंतुक होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं हे सगळं काढून तिथं 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते लागूही झालं. आता घरकुलाच्या यादीपासून मस्टरपर्यंत जिथं माणसाचं नाव आहे तिथं हे कलम दाखवलं जाणार. कोटकिरानाला जी नावं मोठ्यानं वाचली गेली, तीच. तरी दोन दारं उघडी आहेत. कलम ८(२): हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर एरवी रोखता येणारी माहितीही देता येते. आणि कलम ४: अनुदान योजनांचे लाभार्थी व त्या योजनांना दिलेल्या रकमा कार्यालयानं आपण होऊनच प्रसिद्ध करायच्या असतात. अर्जात या दोन्ही कलमांचा उल्लेख आधीच करून ठेवा, आणि आधार क्रमांक, बँक खातं, जात प्रमाणपत्र असले तपशील वगळून द्यावेत असं स्वतःच लिहा. कलम १० त्याचसाठी आहे: झाकायचं तेवढं झाका, बाकीचं द्या.

चौथी तऱ्हा सगळ्यात निगरगट्ट. 'अभिलेख आढळून येत नाही.' कायद्यात अशी सवलत नाहीच. शासकीय अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. मुदत संपल्यावर नष्ट केला असेल तर तसा आदेश आणि नोंद असणारच, ती मागा. मुदत संपली नसेल तर तो हरवला आहे, आणि अभिलेख जपण्यासाठी महाराष्ट्रातही सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलंय की कागद सापडत नाही एवढं म्हणून भागत नाही, शोध आणि जबाबदारीची चौकशी करावी लागते. शोध घेतल्याची लेखी नोंद आहे का, जबाबदारी निश्चित केली का, असं अपिलात विचारलं की कित्येक कागद आपोआप सापडतात. कपाटामागे पडलेले असतात म्हणे.

पहिलं अपील त्याच यंत्रणेतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. ग्रामपंचायतीसाठी तो पंचायत समितीत बसतो, बहुधा विस्तार अधिकारी किंवा गटविकास अधिकारी. जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि उत्तरच न आल्यास मुदत संपल्यापासून तीस दिवसांत. म्हणजे अर्ज ३ जूनला पोचला असेल तर ३ जुलैला मुदत संपली, अपील २ ऑगस्टपर्यंत. निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. सुनावणीला जमेल तर जा, आणि कागदांची यादी घेऊन जा: हे मागितलं, हे मिळालं, हे राहिलं. तिथं गावाचं राजकारण काढलं की मूळ मुद्दा गेलाच. आदेशात 'माहिती द्यावी' एवढंच येतं का, की कोणती, किती दिवसांत, विनामूल्य, हे येतं, याकडे लक्ष ठेवा. मोघम आदेश मोडल्याचं सिद्ध करता येत नाही.

तिथंही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र 'क', पुन्हा वीस रुपये, राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे: पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोकण किंवा बृहन्मुंबई. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, असा दंड अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करायला लावू शकतो. नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं अधिकाऱ्यावर असतं. मात्र कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यांची गल्लत करू नका. तक्रारीतून दंड होऊ शकतो, कागद मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच मणिपूरच्या प्रकरणात हे सांगितलं आहे. कागद हवा असेल तर अपीलच. आणि आयोगाकडे नंबर लागायला महिने, कधी वर्षं जातात. तेवढा वेळ हातावर हात धरून बसू नये. त्याच कामाचा दुसरा कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असतोच: एस्टिमेट उपविभागात, निधीचा आदेश जिल्हा परिषदेत, चाचणी अहवालाची प्रत प्रयोगशाळेत, आक्षेप लेखापरीक्षेत. एका दारानं नाकारलेला आकडा दुसऱ्या दारातून येतो.

नगरपालिका आणि महापालिकेत नमुन्यांचे क्रमांक बदलतात, रीत तीच. फक्त तिथं जनमाहिती अधिकारी खात्यागणिक वेगळा, त्यामुळं बांधकाम परवान्याचा अर्ज आरोग्य खात्यात पडला की पहिले पंधरा दिवस फिरण्यातच जातात. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समितीची विषयपत्रिका, ठराव आणि त्यासोबतचा प्रशासनाचा प्रस्ताव, हे तिघं एकत्र मागावेत. नुसत्या ठरावात 'प्रस्तावानुसार मान्यता' एवढंच असतं.

आणखी एक गोष्ट, जी फॉर्ममध्ये लिहिलेली नसते. गाव लहान असतं आणि अर्जावर नाव-पत्ता असतो. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. ते काही एकटे नाहीत. प्रकरण वाळूचं, जमिनीचं किंवा मोठ्या ठेक्याचं असेल तर एकट्यानं अर्ज करू नये. चार-पाच जणांनी तोच अर्ज वेगवेगळ्या तारखांना टाकावा, मिळालेले कागद त्याच दिवशी इतरांकडे पोचवावेत. कागद एकाच माणसाच्या घरी असेपर्यंतच त्या माणसाला गप्प करण्यात कुणाला फायदा असतो. उलट बाजूही आहेच: अर्ज टाकायचे आणि मग 'मिटवून घ्यायचं' म्हणून ठेकेदाराकडे जायचं, असा धंदा करणारे लोक आहेत. त्यांच्यामुळं प्रामाणिक अर्जदाराकडेही कार्यालय संशयानं पाहतं. माहिती मिळाली की ती उघड करणं हाच यावरचा उपाय.

उघड करायची जागाही ठरलेली आहे. ग्रामसभा वर्षाला किमान चार व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सवयीच्या तारखा. तिथं साठ पानं वाचून दाखवायची नसतात. मोजमाप वहीतली एक ओळ, त्याच जागेची टेपनं घेतलेली एक मोजणी आणि देयकाची रक्कम, एवढं बास. मग त्यावर ठराव मांडायचा: सदर कामाची फेरमोजणी उपअभियंत्यामार्फत ग्रामस्थांसमक्ष करावी. ठराव लिहिला गेला का हे सभा संपण्याआधी इतिवृत्ताच्या वहीत पाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पानाच्या प्रतीसाठी पुन्हा दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा.